शेपटीच्या आतली बाजू

मला किळस फार लवकर येते. सिंकच्या जाळीत अडकलेला भात, दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, कपाच्या काठाला लागलेली लिपस्टिक, एवढ्यानेसुद्धा मी ताट बाजूला सारते. घरचे म्हणतात, हिचं नाक जरा जास्तच वर आहे. असेल. पण त्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये मी दोन्ही हातांनी जे काही उपसलं, त्यानंतर माझ्या नाकाबद्दल कुणी बोलू नये.

बहिणीला सोरायसिस आहे. गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत लाल चट्टे, त्यावर पांढरा पापुद्रा, आणि तो दिवसभर झडत राहतो. सोफ्यावर, चादरीवर, काळ्या चपलांत. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं, मी वाचलं, तिला तर ते तोंडपाठ झालंय, कारण लिफ्टमध्ये सुद्धा तेच सांगावं लागतं. लहानपणी मामाच्या गावी ती विहिरीत पोहायला शिकली आणि मग तिला पाण्यातून बाहेर काढायला माणूस पाठवावा लागायचा. वाकडला फ्लॅट घेतला तोही खाली स्विमिंग पूल आहे म्हणून. पण ती एकदाच काय ती त्यात उतरली, आणि त्याच संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांच्या चित्रासकट विनंती टाकली, की त्वचेचे आजार असलेल्यांनी कृपया पूल वापरू नये, लहान मुलांचा प्रश्न आहे. नाव घेतलं नव्हतं. त्याची गरजही नव्हती. खाली सगळ्यांचे अंगठे पडले.

मी तो पूल पाहिलाय. कोपऱ्यात केसांचे गुंते तरंगत असतात. एकदा कुणाची तरी वापरलेली बँडेजपट्टी माझ्या पोटरीला येऊन चिकटली होती. पोरं पाण्यातून बाहेर न येता काय काय उरकतात, ते त्यांच्या शांत चेहऱ्यांवरून कळतं. त्याची कुणाला घाण वाटत नाही.

वर्षभर ती खिडकीतून पाणी बघत राहिली. मग उन्हाळी शिबिराच्या समारोपाला मुलांसाठी काहीतरी नवीन हवं, असं कमिटीने विचारलं, तेव्हा हिने कळवलं की मी जलपरी होऊन येते.

मला फोनवर म्हणाली, “ताई, पाय पूर्ण झाकलेले असतील. मग कुणाला काय अडचण?”

समोरच्या बाईंनीही ग्रुपवर तेच विचारलं, पाय कव्हर असतील ना, मग छान कल्पना आहे. मला इतका संताप आला की फोन उशीवर आपटला. ज्यांनी हाकललं त्यांच्याच पोरांना रिझवायला शेपटी लावून जायचं? पण तिला पाण्यात उतरायचं होतं, कसंही करून. तिच्यापुढे माझं कधी चाललंय?

कापडी शेपटी पाण्यात लोंबते आणि खालचे पाय दिसतात, म्हणून सिलिकॉनची करायची ठरली. मी चाकणला गाड्यांचे रबरी पार्ट बनवणाऱ्या कंपनीत तपासणी विभागात आहे. त्यामुळे रबर, सिलिकॉन, सगळं ताईला येतं असा तिचा समज. खरं सांगायचं तर माझाही तोच समज होता. शनिवार-रविवारच्या सुट्टीला संत तुकाराम नगरातल्या माझ्या घरून मी थाटात निघाले. पिशवीत कंपनीचे रबरी हातमोजे होते, आणि भंगारात निघालेली पातळ काळी रबरशीट, शेपटीला आतून मजबुतीसाठी.

तिने गणपतीवाल्याकडून शाडू आणून तिच्यावर चमच्याच्या टोकाने खवले उमटवले होते आणि त्यावरून प्लास्टरचा साचा काढला होता. काम सुबक होतं. दोन डब्यांतलं औषध सारख्या मापाने कालवायचं, रंग घालायचा, साच्यात ओतायचं, की काही तासांत ते घट्ट होतं. आम्ही ओतलं, मी मोज्यांच्या हातांनी ते नीट पसरवलं आणि वरून माझी रबरशीट दाबून बसवली.

दुसऱ्या दिवशी शीट उचलली तर खाली शेंबूड. दुसरा शब्द नाही. हिरवा, लांब तार सुटणारा, कोमट शेंबूड, जेवणाच्या टेबलभर. आणखी थांबून पाहिलं, पंखा लावला, गॅलरीत उन्हात ठेवला. काही नाही. तो नुसता पसरत गेला. दाराच्या मुठीला लागला, फ्रिजला लागला, माझ्या वेणीत गेला. त्यात मोहरी चिकटली, कढीपत्ता चिकटला, आणि एक झुरळ, जिवंत, मिशा हलवत. ते पाहिल्यावर मी बेसिनकडे पळाले. परत येऊन उलथन्याने खरवडायला बसले. खरवडावं तेवढं ते हातावर चढायचं आणि पुसावं तेवढं फडक्यालाच धरून राहायचं. त्याला नवीन टायरच्या दुकानासारखा वास येत होता, आणि त्या वासातच आम्ही पोळी-भाजी खाल्ली. मी खाल्ली असं म्हणते, खरं तर चिवडली.

बहीण शेजारी फरशीवर बसून खरवडत होती. तिचा पापुद्रा त्या हिरव्या थरावर पडून चिकटत होता, पांढरा, मिठाच्या खड्यांसारखा. मी पाहिलं. मी पाहिलेलं तिने पाहिलं.

“बघू नकोस,” ती म्हणाली आणि पाय परकराखाली घेतले.

मला तेव्हा रडू आलं आणि मळमळलंही, दोन्ही एकदमच. काय सांगू.

चूक मला सोमवारी मशीनसमोर उभी असताना कळली. आमचं काळं रबर घट्ट होतं ते त्यात गंधक असतं म्हणून, आणि हे दोन डब्यांचं सिलिकॉन गंधकाच्या नुसत्या स्पर्शाने नासतं. मोज्यांत गंधक, शीटमध्ये गंधक. कंपनीतून प्रेमाने नेलेली प्रत्येक वस्तू त्याला विष होती. रबराच्या धंद्यातल्या बाईशिवाय ही चूक कुणी केली नसती.

दुसऱ्या खेपेला नवा साचा केला, साधे प्लास्टिकचे मोजे घेतले आणि रबराचा तुकडाही घरात ठेवला नाही. या वेळी खवल्यांचे पट्टे कसे सुटले! स्विमसूटच्या कापडाची पायमोज्यासारखी लांब पिशवी शिवून तिच्यावर ते चिकटवले, खाली प्लास्टिकच्या पत्र्यावर बसवलेला माशासारखा रुंद पर. उचलायला दोघी लागायच्या. ओला मासा उचलल्यासारखी ती थंडगार आणि बुळबुळीत लागायची, माझ्या अंगावर दर वेळी काटा यायचा. पण दिसायला सुंदर होती, ते नाकारत नाही.

समारोपाला बहीण पाण्यात उतरली. वर्षभराने. पुलाच्या या टोकाला बुडाली ती त्या टोकाला शेपटी आपटत निघाली, आणि जीवरक्षक सुद्धा खुर्चीतून उठला. पोरं तिच्या अंगावर पडत होती. समोरच्या बाई काठावर बसून शेपटीवरून हात फिरवत फोटो काढत होत्या. “किती सॉफ्ट आहे हो,” त्या मला म्हणाल्या. मी तोंड उघडलं असतं तर भलतंच निघालं असतं, म्हणून मी टॉवेलच्या घड्या घालत राहिले.

वर घरी आल्यावर शेपटी ओढून काढायचं काम माझं. आतून जे निघालं ते सांगते, कारण पुढे त्याचाच संबंध आहे. घाम, पायांना लावलेलं मलम आणि ओला होऊन लगद्यासारखा झालेला पापुद्रा, सगळं आतल्या कापडाला थापलेलं. आंबूस वास. बहीण माझी असली तरी वास तो वासच. मी श्वास रोखून म्हटलं, “ही आधी उलटी करून धू.” तिने मान हलवली आणि शेपटी तशीच ड्राय बाल्कनीत टांगली.

काही दिवसांनी मी तिथे असतानाच बेल वाजली. समोरच्या बाई. उंबऱ्याच्या आत न येता म्हणाल्या, “आमच्या मुलीचा वाढदिवस आहे पुलावर. तिने हट्टच धरलाय. शेपटी द्याल का थोडा वेळ?”

मला वाटलं, आता ही दार लावून घेईल. पण तिने बाल्कनीतून शेपटी काढली आणि दोन्ही हातांनी नेऊन दिली. “सावकाश वापरा,” म्हणाली. “ताई आणि मीही येऊ का?”

“या ना,” बाई म्हणाल्या. हातात शेपटी असताना नाही कसं म्हणणार?

दार लागल्यावर मी विचारलं, “धुतली होतीस ना?”

ती किचनमध्ये निघून गेली.

वाढदिवसाला मुलगी, असेल बारा-तेरा वर्षांची, शेपटीत पाय घालून पायऱ्यांवर बसली होती, अर्धी पाण्यात. खुशीत होती पोर, शेपटीचा पर आपटून आपटून सगळ्यांना भिजवत होती. आई तिला सारखी जवळ घेत होती. बहीण आली ती गुडघ्यापर्यंतच्या पोहण्याच्या कपड्यांत. पोटऱ्या उघड्या, चट्टे उघडे. काठावर चप्पल काढली आणि दुसऱ्या बाजूच्या पायऱ्या उतरू लागली.

बाई लगबगीने तिकडे गेल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “मॅडम, प्लीज, आज लहान मुलं आहेत.”

बहीण कमरेएवढ्या पाण्यात थांबली. साधेपणाने म्हणाली, “ती शेपटी मी समारोपाला घातली होती, त्यानंतर धुतलेली नाही. माझ्या पायांचं जे काय ते सगळं आत तसंच आहे. तुमच्या मुलीचे पाय केव्हापासून त्यातच आहेत.”

एवढं बोलून ती पाण्याखाली गेली.

बाई धावत परत आल्या आणि शेपटी ओढायला लागल्या. मुलगी ओरडली, नको, अजून नको. मी पुढे होऊन शेपटीचा पर धरला, कारण ओढायची कशी ते मलाच ठाऊक होतं. शेपटी सुटली. बाई खाली वाकल्या, मुलीची पावलं हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली, बोटांच्या मधेसुद्धा. त्यांच्या तोंडावर जी किळस होती ती मला चांगली ओळखीची होती, आरशातली. मीही वाकून पाहिलं. पाण्याने पावलं सुरकुतली होती, एवढंच.