आधी सरांचे गुण

आमची कंपनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये उपग्रहांचे बारीकसारीक भाग बनवते. गेल्या वर्षी एकाच कामात पैसा घालणं शक्य होतं. एक तर आमच्या गटाने जीव ओतून बनवलेला इंधनाचा व्हॉल्व्ह, नाहीतर परदेशातून आयतं तंत्रज्ञान. हरलो, तर आमचं काम कायमचं बंद.

निर्णय कुणाच्या लहरीवर नको, म्हणून पद्धत मीच आखली. मोहिमेला गरज किती, तयारी कुठवर, बिघडलं तर नुकसान किती, यांतल्या कशाला किती महत्त्व ते आधी ठरवायचं आणि मग प्रत्येकाने आपापले गुण द्यायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

बैठकीत संचालक म्हणाले, "आधी सर देतील." सर म्हणजे आमचे सल्लागार, निवृत्त शास्त्रज्ञ.

"कागदावर लिहून देऊया ना," मी म्हटलं.

"अगं, निवडणूक आहे का ही?" संचालक म्हणाले, तसे सगळे हसले.

सरांनी व्हॉल्व्हच्या तयारीला मोठ्याने दहापैकी तीन दिले. मग टेबलाभोवती तीन, तीन, तीन. माझ्या शेजारी माझ्याच गटातला सहकारी. कडाक्याच्या थंडीच्या चाचणीत व्हॉल्व्ह टिकला तेव्हा टाळ्या पिटणारा हाच. त्यानेही तीन! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आठ दिले, तर कुणीतरी म्हणालं, "स्वतःचं लेकरू ना!" बेरीज झाली आणि आयतं तंत्रज्ञान निवडलं गेलं.

बाहेर चहाच्या टपरीवर मी त्या सहकाऱ्याला गाठलं. "अरे, चाचणी तुझ्यासमोर झालेली ना?"

"हो गं. पण सरांनी तीन दिल्यावर मी आठ कसे देणार? बरं दिसतं का ते?"

बरं दिसतं का! उपग्रह वर जाऊन बंद पडला तर बरं दिसणार होतं का?

संध्याकाळी मी चाचणीचा अहवाल घेऊन कळव्याला सरांच्या घरी गेले. त्यांनी तो नीट वाचला, चष्मा काढला.

"हा मला कुणी दाखवलाच नाही. मी अंदाजाने तीन म्हटलं. चाचणी पाहिलेली माणसं समोर बसलेली, चुकलो तर खोडून काढतील असं धरून चाललो. माझे आठ करा, उद्याच सांगतो त्यांना."

सरांनी खरंच फोन केला. संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सरांचं मन मोठं आहे, म्हणून ते म्हणतात तसं. पण आता त्यांचे गुण बदलले, तर चारचौघांत त्यांचा अपमान होईल."

त्याच आठवड्यात आमच्या व्हॉल्व्हचं काम कायमचं बंद झालं.