बाबूलालचा हंडा आणि धुरपताची बांधी

धुरपताबाई भरभर चालायची, भरभर बोलायची आणि रागावली की दोन्ही एकदम करायची. तिला निवांत बसलेली कुणी पाहिली असेल तर त्यानं हात वर करावा, असं गावातली माणसं हसून म्हणत. नवरा तेजराम जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. होती ती तलावाखालची दीड एकराची धानाची बांधी. पण तीही हातात कुठे होती? नवऱ्याच्या आजारपणात बैल विकले गेले, म्हणून तिनं बांधी बाबूलालला ठेक्यानं दिली आणि स्वतः दुसऱ्यांच्या चिखलात रोवणी करत राहिली. शेळ्या पाळल्या, अड्याळच्या बाजारात विकल्या आणि एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात एकदाची बैलजोडी दारात बांधली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता. आता हा धान निघाला की बांधी आपली आपण कसायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

बाबूलाल हा गावच्या धान खरेदी केंद्रावर काट्यावर बसणारा माणूस. त्याच्या आधी त्याच काट्यावर तेजराम अकरा वर्षं बसला होता. तेजराम गेला तेव्हा घरावर गवताचं छप्पर होतं, आणि लोकांनी मयताला जमून काय म्हणावं? "भोळा माणूस होता बिचारा. अकरा वर्सं काट्यावर बसला, पन टिनाचं एक पत्रं नाही जमलं त्याले." धुरपताबाईनं हे मडकं उचलण्याआधी ऐकलं होतं आणि ती ते कधी विसरली नाही.

बाबूलालला मात्र सगळं जमलं. दोन वर्षांत घरावर स्लॅब पडला, दारात राजदूत फटफटी आली, बायकोच्या, म्हणजे कुंताबाईच्या गळ्यात सोन्याची पोत आली. पोत्यामागे दोन-दोन किलो धान कुठे जातो हे काट्यासमोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि बोलणं वेगळं. बाबूलालनं एकदा पानठेल्यावर सहज सांगून टाकलं, "तलावाखालच्या बांधीत बांध खोदताना हंडा लागला मले. मोहरांचा." झालं! गावानं सुटकेचा श्वास टाकला. आता कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. देवानं दिलं, नशिबात होतं, माणूस खातो पण देतोही, असं म्हणत लोक त्याच्या हातून मारुतीच्या देवळासाठी लाउडस्पीकर घेऊन मोकळे झाले.

आणि गाव नुसतं गप्प बसलं नाही, खोदायला लागलं. एकाला हंडा लागतो तर दुसऱ्याला का लागू नये? ज्याच्या हाताला कुदळ लागली तो आपल्या अंगणात उतरला. शेजारच्या गिरजाबाईनं तर गोठ्याच्या भिंतीखाली इतकं खोल खोदलं की भिंतच बसली आणि म्हैस महिनाभर चिंचेखाली बांधावी लागली. धुरपताबाई हे सगळं पाहून आधी हसली. मग तिचं हसू मावळलं, कारण तिनं बांधी परत मागितली तेव्हा बाबूलाल हात जोडून म्हणाला, "वयनी, त्या जागेचा देव जागृत हाय. तितं मी देऊळ बांधून राहिलो. मंडईच्या दिवशी पाया घालतो. जागा मले देऊन टाका, पुन्य लागंल."

दीड एकरात देऊळ! आणि कुंपण, आणि बाकीची बांधी देवाच्या नावावर बाबूलालच्याच ताब्यात. ती ओरडली, भांडली, चार मोठ्या माणसांच्या दारी गेली. जागेश्वर म्हणजे गावातला सगळ्यात जुना शेतकरी, त्याच्या शब्दाला मान. तोही खाली बघत म्हणाला, "देवाच्या कामात आडवी नको येऊ व माय." एकही माणूस तिच्या बाजूनं उभा राहिला नाही.

भाऊबीजेला गावची मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा, भरते. पाळणे, जिलेबीची दुकानं, दुपारी दंडारीचं नाचगाण्याचं नाटक. त्या सकाळी साकोलीहून धाकटा भाऊ गोपीचंद आला. तो तिथल्या कचेरीत चपराशी होता. साहेबांसमोर फाइल नेता-आणता त्याच्या कानावर कायदाही बराच पडला होता. बहिणीनं रडत-चिडत सारं सांगितलं तेव्हा तो पाटावर बसल्या बसल्या ताठ झाला.

"बाई, हंडा लागला ना त्याले? मंग कचेरीत सांगतला का त्यानं?"

"कचेरीत कायले सांगंल?"

"कायले मंजे? जमिनीतलं धन सरकारले कळवाच लागते. लपवलं तं जेल हाय. अना जमीन जिची, तिचाबी त्याच्यात वाटा असते. बांधी तुही हाय!"

धुरपताबाईच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की गोपीचंदच घाबरला. ओवाळणीचं ताट तसंच ठेवून ती उठली, लुगड्याचा पदर खोचला आणि भावाच्या मनगटाला धरून मंडईकडे निघाली. चालली कसली, पळालीच! भाऊ मागून धापा टाकत होता.

मंडईत दंडारीआधीचा सत्कार चालू होता. मंचावर खुर्चीत बाबूलाल, गळ्यात झेंडूचा हार, समोर पाटावर हळदकुंकू लावलेली पायाची वीट. ती वीट वाजतगाजत बांधीत न्यायची होती. माइकवर कुणीतरी त्याला दानशूर म्हणत होतं. धुरपताबाई बायकांच्या गर्दीतून वाट काढत थेट मंचावर चढली आणि माइकसमोर उभी राहिली.

"गाववाले हो!" ती म्हणाली. "बाबूलालभाऊले माह्या बांधीत हंडा लागला, हे तुमाले सगळ्याईले मालूम हाय ना?"

"हाय, हाय!" लोक ओरडले. त्यांना वाटलं, बाई जागा द्यायला आली. कुणी टाळ्याही वाजवल्या.

"त मंग माहा वाटा मले पाह्यजे. सरकारचा कायदा हाय. हा माहा भाऊ कचेरीत हाय, विचारा त्याले. उद्या आमी साकोलीले अर्ज देतो. सायेब येतीन, हंडा पाहतीन, माहा वाटा मले देतीन. मंग बांधा देऊळ!"

हशा, शिट्ट्या, गोंगाट! पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. बाबूलाल हार सावरत, हसत उठला.

"वयनी, तुमची चूक होऊन राहिली. हंडा माह्या घरच्या अंगनात लागला होता."

"असा कसा जी?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "पानठेल्यावर त बांधी म्हटलं होतं!"

"अंगनातला असू द्या," गोपीचंदनं खालून गळा ताणला, "तरी कळवाच लागते. हंडा दाखवाच लागते!"

आता बाबूलालनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. हंडा आहे म्हणावं तर दाखवायचा कुठून? दाखवला नाही तर जेल. कुंताबाईनं बायकांत बसल्या बसल्या गळ्यातली पोत पदराखाली सारली. शेवटी तो माइकपासून तोंड फिरवून पुटपुटला. पण माइक गावात नवाच आलेला आणि चांगला खणखणीत होता, त्यानं शब्द न् शब्द मंडईभर पोचवला.

"हंडा-बिंडा काही नाही लागला."

लगेच बायकांतून गिरजाबाईचा आवाज आला, "मंग मले माहा गोठा कायले पाडाले लावला रे मुडद्या?"

सगळी मंडई खदखदून हसली. हसू ओसरलं तसा म्हातारा जागेश्वर काठी टेकत उठला. चार वर्षांत जो प्रश्न एकानंही विचारला नव्हता तो त्यानं विचारला, अगदी साधेपणानं.

"मंग बाबूलाल, हे सारं आलं कुठून?"

बाबूलालचं डोकं फिरलं. त्यानं हार काढून खुर्चीवर आपटला. "मले काय विचारता? तुमाले मालूम नाही का? एकेक जन उभा होता काट्यासमोर! कोन बोलला तवा? कोन?"

माना खाली गेल्या. जागेश्वरचीही गेली. लोक जिलेबीच्या द्रोणात पाहू लागले, पोरांचे हात धरू लागले. बाबूलालनं खोटं सांगितलं होतं हे खरं, पण ते खोटं सगळ्यांनी मिळून सांभाळलं होतं, आणि आता ते उघड्यावर पडलं तर उचलायला कुणी पुढे येईना.

धुरपताबाईची मान तेवढी खाली गेली नाही. तिला भीती वाटली नाही, कीवही आली नाही. तिला इतका आनंद झाला होता की तिचा आवाज चिरकला.

"मालूम होता," ती माइकवर म्हणाली. "मलेबी मालूम होता. म्हनूनच त आमी सारे त्याले हंडा म्हनत होतो. लाज वाटत होती ना, चोरी म्हनाले! आता तूच बोललास, बरं झालं. आता माही बांधी सोड."

बाबूलाल मंच उतरायला निघाला.

"सोड म्हन. सगळ्याईच्या समोर म्हन."

"सोडली," तो म्हणाला.

"सोडली रे, सोडली!" गोपीचंद टोपी उडवत ओरडला आणि दंडारीच्या ढोलकीवाल्यानं काय सुचून कुणास ठाऊक, जोरात थाप मारली. धुरपताबाईनं पाटावरची वीट उचलून काखेत मारली आणि मंच उतरली. बायकांनी तिला वाट करून दिली. ती जाताना एका बाईनं, रुखमानं, तिचा पदर धरला आणि हळूच सांगितलं की मागच्या साली तिच्या सात पोत्यांचे चौदा किलो गेले होते. मग दुसरीनं आपलं सांगितलं, मग तिसरीनं. आधी हळू, मग मोठ्यानं, मग पुरुषही. दंडार सुरू झाली तरी मंचाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. अख्खी मंडई काट्याबद्दलच बोलत होती.