‘मी’ आणि ‘आपण’

पंचवटीतल्या फुलबाजारात क्रेट उतरवत होतो, तेव्हा भाचीचा फोन आला. “मामा, आई झोपेतच गेली...” त्या दिवशी फुलं काय भावाने गेली, मला आजही सांगता येणार नाही.

त्याला आता सव्वा महिना झाला. माझी ताई, सुनंदा, मुंबईत वीस वर्षं फंड मॅनेजर होती. लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशांतून कुठले शेअर घ्यायचे, कुठले विकायचे, हे ती ठरवायची. पण तिचा खरा छंद माणसांचं बोलणं ऐकण्याचा. लहानपणी गुलाबाला भाव मिळाला की वडील म्हणायचे, “मी लावला होता.” पडला की, “आपलं नशीबच फुटकं.” ताईने एकदा ते जेवताना बोलून दाखवलं आणि वडिलांचा घास हातातच राहिला. पुढे मुंबईतली टाय लावलेली हुशार माणसंही तिला तेच करताना दिसली. शेअर चढला की ‘मी घेतला’, आपटला की ‘आपण घेतला होता’. मीटिंगमध्ये ती डायरीच्या शेवटच्या पानावर रेघा मारत बसायची, एक रांग ‘मी’ची, एक ‘आपण’ची.

एका वर्षी एका बांधकाम कंपनीचा शेअर सगळेच फंड घेत सुटले. ताईला हिशेब पटेना, तिने घेतला नाही. तिचा फंड मागे पडला. साहेबांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर खुर्ची दुसऱ्याला. ती नाशिकला, गंगापूर रोडला माझ्याकडे आली, तेव्हा मीही शहाणपणा शिकवला.
“घे की थोडे. सगळे घेतायत.”
“सगळ्यांबरोबर बुडालं की नोकरी जात नाही रे, एकट्याने चुकलं की जाते. म्हणून घेतायत. तू मागच्या दसऱ्याला झेंडू का लावला होतास?”
शेजाऱ्याने लावला म्हणून लावला होता, आणि अख्ख्या शिवाराचा झेंडू रस्त्याकडेला ओतावा लागला होता.

दिवाळीच्या आधीच ती कंपनी कोसळली. भल्याभल्यांचे फंड झोपले, ताईचा उभा राहिला. माझी छाती अशी फुगली की जणू मीच तिला सल्ला दिला होता! कौतुकाच्या मीटिंगमध्ये ती उठली आणि म्हणाली, “यातून आपण वाचलो. पण गेल्या वर्षी ती औषधांची कंपनी मी घेतली. तिथे मी चुकले.” मग कोपऱ्यातून एकजण म्हणाला, “ती पोलादाची मी घेतली होती.” मग दुसरा बोलला. शेवटी साहेबसुद्धा. तेराव्याला त्यातले बरेचजण नाशिकला आले होते. तिच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी मला म्हणाली, “काका, आमच्याकडे अजून प्रत्येक मीटिंग ‘मी कुठे चुकलो’पासूनच सुरू होते.” ताई जिंकली होती, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं.

तिची डायरी भाचीने मला दिली. ती स्वयंपाकघरात, बियाण्यांच्या डब्याशेजारी असते. यंदा सगळ्यांनी झेंडू लावला, आमच्याकडे शेवंती होती. परवा चांगल्या भावाने विकून घरी आलो आणि ऐटीत सुरुवात केली, “बघ, मी...” तेवढ्यात डायरीकडे लक्ष गेलं.
“आपण शेवंती लावली, बरं झालं.”
बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, “आत्ता कसं खरं बोललात. तुम्ही तर झेंडूच लावायला निघाला होतात.”
मी डायरी उघडली, शेवटचं पान काढलं आणि ताईच्या रेघांखाली ‘आपण’च्या रांगेत एक रेघ मारली.