गंगी पाणी प्यायली

तिसरं वासरूही मेलेलंच पडलं. अंगावर केस नुकते आलेले, खूर अजून मऊ. शालू पोत्यावर गुडघे टेकून बसली होती, हात कोपरापर्यंत भरलेले. गाय उभी होती आणि मान वळवून वळवून मागं बघत होती. शालूनं विचारलं, "आक्का, तुझी गंगी हेच पाणी प्यालती न्हवं?"

"प्यालती की," मी म्हणाले. "सगळ्यांच्या म्होरं प्यालती."

त्यानंतर मी आणखी एक वाक्य बोलले. ते पुढं सांगते. आधीचं कळल्याशिवाय ते किती वाईट होतं ते कळायचं नाही.

नऊ वर्षं झाली. मुलाला सांगितलं नाही, सुनेला नाही. देवापुढं बसले तरी मनातल्या मनातसुद्धा कधी हे म्हटलं नाही — देवाला माहीत असतं म्हणतात, मग कशाला सांगायचं? असली पळवाट काढायची मला सवय आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

शालू माझी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि माझं नुकतंच लग्न झालेलं. बापानं तिला माझ्याबरोबर सासरी धाडलं. माझ्या सासूनं भाकरी कमी-जास्त केली असेल, पण तिला ठेवून घेतलं. शालूची वेणी मी घातली, तिच्या उवा मी काढल्या, लग्न माझ्या दारात झालं. दिली बेळगावजवळच्या कंग्राळीला. नवरा बाळू, तिथल्याच उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, एका फाउंड्रीत भट्टीपुढं काम करायचा. माणूस गरीब आणि बोलका. मला म्हणायचा, "आक्का, तुमच्या धाकानं मी आजवर शालूला आवाज चढवला न्हाय." मी म्हणायचे, "चढवून बघा की पावणं, मग कळंल."

शालूला मूल नाही. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पाचव्या-सहाव्या महिन्यात पडलं. दोन्ही वेळा बेळगावच्या दवाखान्यात तिच्या उशाशी मीच होते. हे लक्षात ठेवा.

बाळूच्या डोळ्यांना भट्टीचा जाळ सोसेना तेव्हा त्यानं काम सोडलं. कंग्राळीच्या शेतातला त्याचा वाटा प्लॉट पाडणाऱ्यांनी घेतला. आलेल्या पैशात दोघांनी ठरवलं — लहानशी जागा घ्यायची, चार गाई बांधायच्या, दूध घालून राहायचं. आणि जागा बघायला मला बोलावलं. मला बोलावणारच. मी चौथी शिकले, पण गोठ्यासाठी जागा बघायची असली की निपाणीच्या आसपासची माणसं मला घेऊन जायची. नारळ आणि खण द्यायची, दुसरं काही मी घेत नव्हते.

जागा बघायला गेले की मी आधी शेजाऱ्याचं शेण बघते. विकणारा आपलं अंगण झाडून ठेवतो, शेजाऱ्याच्या जनावराचं शेण कोण झाडणार? ते पातळ असलं तर त्या रानात काहीतरी खोट आहे. मग उतार बघायचा. मूत आणि पाणी साठून राहिलं तर खुरं सडतात. मग वाट. दुधाची गाडी उन्हाळ्यात कुठंही येते, आषाढात येते का ते विचारायचं. आणि शेवटी पाणी. पाणी मी चाखत नाही. माझी जीभ तंबाखूच्या वखारीत राबून आणि मिश्री लावून मेलेली आहे. पाण्यासाठी मी माझी गाय न्यायची. गंगी.

नियम एकच होता. गाय घरी पाणी पिऊन तृप्त असली पाहिजे. तहान नसलेली गाय नवं पाणी हुंगते, ओठ लावते, आवडलं तर दोन घोट घेते. खोट असली तर फुर्रकन नाक उडवून मान फिरवते. तहानलेली गाय मात्र काहीही पिते. हे मला ठाऊक होतं. बाकीच्यांना हे जाणून घ्यायची गरज वाटली नाही, कारण विचारायला मी होते ना.

शालूसमोर दोन जागा होत्या. एक खानापूरकडची. तांबडी माती, कडेनं ओढा, बारमाही पाणी. दुसरी माझ्या घराला आणि शेताला लागून, मध्ये फक्त गाडीवाट. खानापूरची जागा मी बघून आले तेव्हाच मनात म्हटलं, हिच्यात बोट ठेवायला जागा नाही. आणि परत येताना एसटीत शालूला काय सांगितलं? "पाऊस लई तिथं. गोचीड मरत न्हाय. आनि जंगल जवळ, बिबट्या आला तर बाळूला चष्म्यातनं दिसायचा का?" शालू हसली. बिबट्याचं खोटं नव्हतं, गोचिडाचंही नव्हतं. पण मी त्या ओढ्याबद्दल एक अक्षर बोलले नाही.

का? — तर माझा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा कोल्हापुरात. सकाळी उठून दार उघडलं की समोर बाळू काडी चावत बसलेला, शालू शेण काढतीय, हे मला हवं होतं. एवढंच. एकटी होते म्हणून केलं, असं म्हटलं की ऐकणारा चुकचुकतो. चुकचुकू नका. आमच्या गल्लीत सात बाया एकट्या आहेत. त्यांनी हे केलं नाही.

माझ्या शेजारची ती जागा मी तीस वर्षं बघत होते. खोलगट. वरच्या अंगाला सगळा ऊस. पोत्यांनी खत आणि वर पाट सोडलेला. सगळं झिरपून खालच्या विहिरीत. आधीचा मालक आपली जनावरं आमच्या गावच्या ओढ्यावर न्यायचा, विहिरीवर नाही. तो वारला, पोरं पुण्याला, त्यांना काय माहीत? फाल्गुनात त्या बांधावर मीठ फुटल्यासारखं पांढरं दिसतं. शालू बघायला येणार होती मार्गशीर्षात. तेव्हा सगळं हिरवं असतं.

तरी मी आदल्या दिवशी गंगीला घेऊन एकटी गेले. कशाला गेले? मला वाटतं, मला आशा होती. बादली काढून पुढं ठेवली. गंगीनं हुंगलं, नाक उडवलं आणि मान फिरवून माझ्याकडं बघत उभी राहिली. मी बादली पुन्हा तोंडाखाली सारली. तिनं शिंगानं ढकलली.

घरी आणून तिला बांधली आणि पाणी दाखवलं नाही. संध्याकाळच्या पेंडीत दोन मुठी मीठ घातलं. सकाळी पुन्हा दोन मुठी. ती दाव्याला हिसके देत होती, हंबरत होती, रिकाम्या दगडी डोणीला जीभ लावत होती. मी चूल सारवत बसले.

दुपारी शालू, बाळू, गावातली चार माणसं, सगळी विहिरीवर. गंगीनं पहिली बादली एका दमात संपवली. दुसरी अर्धी. पलीकडचा राणबा म्हातारा बांधावर उभा होता. तो म्हणाला, "आयला, माझी म्हस हितं तोंड लावत न्हवती. आता तुजी गाय पितीया म्हंजे पाणी सुधारलं म्हणायचं." त्याच्या डोळ्यानं बघितलेलं त्यानं माझ्या गाईच्या शब्दावर सोडून दिलं. शालूनं गंगीच्या पाठीवर थाप मारली. "गंगे, तू म्हणशील ती पूर्व दिशा गं बाई," असं म्हणाली. जागेचा सौदा झाला.

पहिले दोन-तीन महिने मला हवं तसं गेले. शालू सकाळी चहा घेऊन यायची, बाळू दोन्ही घरचं सकाळचं दूध डेअरीला घालायचा. पिण्याला गावच्या नळाचे दोन हंडे त्यांना मिळायचे, पण चार गाभण गाई काय दोन हंड्यांवर राहतात? त्यांना विहीर. आधी त्यांची शेणं पातळ झाली. मी बघितली. बाकी जगाची शेणं बघणारी मी, ही बघून गप्प बसले. उन्हाळा लागला तशी पहिलीनं गाभ टाकला. पंधरा दिवसांत दुसरीनं.

डॉक्टर आले, रक्त नेलं. रोग निघाला नाही. तेव्हा ते म्हणाले, "पाणी बदलून बघा. वरचं खत विहिरीत उतरत असेल, गाभण जनावराला ते बाधतं." मी तिथंच उभी होते, खुंट्याला टेकून. शालूच म्हणाली, "पाण्याचं काय न्हाय सायेब. आमच्या आक्काची गाय प्यालीया ह्येच. आक्का काय उगीच सांगंल व्हय?" डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी गाईच्या अंगावरची माशी हाकलली. माझ्या घरचा नळ चाळीस पावलांवर होता. एक रबरी पाइप लागला असता.

इकडं डेअरीवर बोलणं सुरू झालं. हौसा म्हणून एक बाई आहे, तोंडाची फाटकी. ती कॅन उचलता उचलता शालूला ऐकू जाईल असं म्हणाली, "जिची कूस टिकली न्हाय तिनं गाभण जनावराला हात लावू ने. आमच्यात न्हाय लावून देत." दोघी-तिघी हसल्या. माझ्या तोंडाला सगळी गल्ली भिते. मी तिथंच हौसाची जीभ हातात दिली असती. त्या दिवशी मी माझा कॅन घेतला आणि घरी आले.

आता ते वाक्य.

तिसरं वासरू पोत्यावर पडलं होतं. शालूनं पाण्याचं विचारलं, मी "प्यालती" म्हणाले. मग तिची नजर हळूहळू बादलीकडं गेली. विहिरीच्या पाण्याची बादली, दाराशी ठेवलेली. ती बादलीकडं बघत राहिली. कपाळाला आठी पडली. ती लहानपणी हिशेब सुटत आला की अशीच बघायची. मला कळलं, आता हिला कळणार. आणि मी म्हणाले,

"शालू, तू गाभणीला हात लावू नगंस. हौसा म्हनती ते खोटं न्हाय."

तिनं बादलीवरची नजर काढली. माझ्याकडं बघितलं. गाईच्या पोटावर तिचा एक हात होता, तो तिनं उचलला आणि पदराला पुसला. पुन्हा पुसला. मग उठून बाहेर जाऊन बसली. दवाखान्यात दोन्ही वेळा तिनं मला विचारलं होतं, "आक्का, माझंच काय चुकलं असंल का गं?" आणि दोन्ही वेळा मी म्हटलं होतं, "तुझं काही चुकलं न्हाय." ते मी त्या एका वाक्यानं परत घेतलं.

हे इथं संपलं असं वाटत असेल तुम्हाला. नाही संपलं.

चौथी गाय राहिली होती, तिचे दिवस उशिराचे. मी बाळूला म्हणाले, हिला माझ्या गोठ्यात बांधू. मला ती वाचवायची होती, आणि कशानं वाचेल ते मला माहीत होतं. माझ्या नळाचं पाणी दोन महिने पाजलं. शेण बांधून आलं. दिवस भरून व्याली, कालवड झाली, तांबडी, कपाळावर चांदणी. सगळा गाव बघायला आला. आणि सगळ्या गावानं काय बघितलं? — शालूच्या हाताखालनं काढली आणि गाय नीट व्याली. हौसा माझ्याच दारात उभी राहून म्हणाली, "मी म्हनलं न्हवतं?" बाळूसुद्धा खाली बघत राहिला. तो पहिल्यांदाच असा गप्प बसला.

शालू सगळ्यात शेवटी आली. गोठ्याच्या उंबऱ्याबाहेर थांबली. मी म्हटलं, "ये की आत." ती म्हणाली, "नगं आक्का. मी हितनंच बघते. ग्वाड हाय गं."

तेव्हा सांगता आलं असतं. कालवड आईला ढुसण्या देत होती, गोठ्याशी आम्ही दोघीच होतो, तोंड उघडायचं होतं फक्त. मी म्हटलं, "चीक घेऊन जा थोडा." ती नको म्हणाली.

वर्षभरात त्यांनी जागा विकली. घेणाऱ्यानं ऊस लावला, उसाला ते पाणी चालतं. बाळू बेळगावात एका बिल्डिंगीवर रखवालीला राहिला आणि गेल्या पावसाळ्याआधी वारला. जागा बघायला मी त्यानंतर कुणाबरोबर गेले नाही. गुडघे दुखतात असं सांगते. गुडघे दुखतात हे खरं आहे.

परवा माझ्या पणतीचं बारसं झालं. शालू आली होती. बायका पाळण्याभोवती, ती मागं भिंतीला. नातीनं बाळ तिच्या मांडीवर द्यायला उचललं तर तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. म्हणाली, "लांबनंच बघते गं बाई, माझा हात नगं." मी पाळण्याची दोरी धरून उभी होते. मी दोरी ओढली. गाणं सुरू झालं.

गंगी ते पाणी एकदाच प्यायली. तिची पुढं दोन वेतं झाली आणि म्हातारी होऊन मेली. कपाळावर चांदणी असलेली ती कालवड माझ्याच गोठ्यात आहे, आता तिसऱ्यांदा गाभण. शालू बेळगावात अनगोळला एका खोलीत राहते. एकटी.