दोन थेंब, तीन टकटक

“दिग्याऽऽ! पाइप काढ! आधी तो पाइप काढ म्हणतो ना!”

वश्या इतक्या जोरात ओरडला, की आमच्या अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या तमाम खारी झाडावरच्या झाडावर थिजल्या आणि समोरचा म्हातारा गवत कापायचं यंत्र सोडून दोन्ही हात वर करून उभा राहिला. थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच. वश्या गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून, गुडघ्यांवर शाल घेऊन बसला होता. हृदय थकलेलं. डॉक्टरांनी जिना चढायला, वजन उचलायला आणि ओरडायला मनाई केली होती, त्यातली तिसरी मनाई माझ्यामुळे मोडली. त्याच्या जुन्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा नट गंजून असा बसला होता, की जणू त्याचा तिथे सातबारा होता. वश्याचा डोळा लागलेला बघून मी पान्याच्या दांड्याला चार फुटी लोखंडी पाइप अडकवला आणि त्यावर आपलं सगळं नागपुरी वजन टाकणार, तोच हा जागा झाला. धाप लागली त्याला. मग हळूच म्हणाला, “आटे जातील रे... मग माझ्या केतकीला काय देऊ? शब्द दे, पाइप लावणार नाहीस.” मी म्हटलं, “दिला, बाबा. तू आधी पाणी पी.” असे शब्द मी आयुष्यात पोत्यानं दिलेत. तीन आठवड्यांनी, बर्फ पडत असताना, सुनंदावहिनींचा फोन आला. “भावजी, या. गाडी सावकाश चालवा, रस्ते घसरडे आहेत.” एवढंच. जे कळायचं ते कळलं.

वश्या नाशिकचा, मी नागपूरचा. तीस वर्षांपूर्वी इथल्या एका अपार्टमेंटच्या तळघरात, कपडे धुवायच्या मशिनसमोर आमची ओळख झाली. माझे सगळे पांढरे शर्ट मी गुलाबी करून ठेवले होते आणि हा गृहस्थ शांतपणे स्वतःचे मोजे जोडीजोडीनं लावत होता. घाई नावाची चीज देवानं त्याच्यात घातलीच नव्हती. चार रस्त्यांच्या स्टॉप साइनवर तो सगळ्यांना ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ असा हात करत इतका वेळ थांबायचा, की मागच्या गाडीतली पोरं तोवर कॉलेजात जायच्या वयाची व्हायची. मी चिडायचो. तो म्हणायचा, “पोचतो की आपण. कधी नाही पोचलो, सांग?” आणि खरंच, कधी नाही पोचलो ते आठवायचंच नाही.

केतकी त्याची एकुलती एक लेक. सोळाव्या वर्षी तिनं “बाबा, मला मोटरसायकल शिकव” म्हटलं, तेव्हा हा एवढा मऊ माणूस ‘नाही’ म्हणाला. भीतीनं म्हणाला, पण भीती सांगायची सोडून रागावला. पुढे वर्षभर बापलेक जेवणाच्या टेबलावर मीठ मागण्यापुरतं बोलत होते. नंतर बोलणं सुरू झालं, तो विषय मात्र कोणी काढला नाही. केतकी नोकरीसाठी पार तिकडे पश्चिम किनाऱ्याजवळ बॉथेलला गेली, आणि गेल्या उन्हाळ्यात तिनं फोनवर सहज सांगितलं, “बाबा, आय गॉट माय मोटरसायकल लायसन्स.” वश्या म्हणाला, “हेल्मेट चांगलं घे.” दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये धुळीत पडलेल्या त्या मोटरसायकलवरचं कापड त्यानं काढलं. वीस वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेली, आणि केतकीशी वाजल्यापासून कधी न चालवलेली. सगळं दुरुस्त झालं. टायर मात्र पार चिरले होते, ते बदलायला चाक काढायचं, आणि चाक त्या एका नटावर अडलेलं.

वश्याची पद्धत ठरलेली. रोज सकाळी गंज सोडवायच्या तेलाचे दोन थेंब, हातोडीनं नटावर तीन टकटक, आणि मग चहा. पाना लावून बघायचा तो फक्त रविवारी, तोही हातानं जेवढा जोर लागेल तेवढाच. मी म्हणायचो, “अरे, हा नट आहे की साखरपुडा झालेली मुलगी?” सप्टेंबरात त्याला चार दिवस हॉस्पिटलात ठेवलं, तेव्हा ही ड्यूटी त्यानं माझ्याकडे दिली. दुसऱ्याच दिवशी तेलाची कुपी रिकामी. (मी दोन थेंबांच्या जागी दोनशे घातले होते, हे तेव्हा बोललो नाही.) दुकानात कोण जातंय म्हणून मी वहिनींच्या बाथरूममधली खोबरेल तेलाची बाटली आणली आणि नटाला अभ्यंगस्नान घातलं. आमच्या घरी आजीच्या केसांपासून दाराच्या बिजागरीपर्यंत एकच तेल चालायचं! पण नागपूरचं ऊन कुठे आणि मॅसॅच्युसेट्सचं गॅरेज कुठे... रात्री थंडी पडली आणि सकाळी बघतो तर नट, चाक, साखळी, सगळ्यावर पांढराशुभ्र थर. श्रीखंडात बुडवून काढल्यासारखी मोटरसायकल! वश्या घरी आला आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं दोन दिवस ते खरवडत बसला. चिडला नाही. मधेच हसू फुटायचं, मग छातीवर हात ठेवून म्हणायचा, “दिग्या, हसवू नकोस, परवानगी नाहीये.” त्या दिवसापासून तेलाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. चहाला यायची मुभा तेवढी राहिली.

परवा एप्रिलात केतकी आली. मोटरसायकल बॉथेलला न्यायला दुसऱ्या दिवशी ट्रक येणार होता, आणि तिला ती ढकलत नव्हे, चालवत ट्रकवर चढवायची होती. “दिगूकाका, बाबा वॉन्टेड मी टु राइड इट,” ती म्हणाली. नवे टायर तिनं आणले होते. आम्ही दोघं गॅरेजमध्ये गेलो. खुर्ची दारातच होती, तिच्या पाठीवर शालही तशीच. कोपऱ्यात माझा पाइप. खोटं कशाला सांगू, मी तो उचलला. पाच महिने त्या नटाला कोणी हात लावला नसणार, आता हातानं काय सुटतोय! पाइप पान्यापाशी नेला... आणि दारातल्या खुर्चीकडे बघवेना. पाइप खाली ठेवला. केतकीला म्हटलं, “तूच बघ. हातानं जेवढं होईल तेवढंच. नाही सुटला तर राहू दे.”

तिनं पाना बसवला, दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले. बारीकसा ‘कर्र’ आवाज आला. “काका... इट मूव्ह्ड.”

मी अशी आरोळी ठोकली, की बॉस्टनच्या विमानतळावर दोन विमानांनी उतरायचा बेत रद्द केला असणार! केतकी नट हातात घेऊन वश्याच्या खुर्चीत बसली आणि लहान पोरीसारखी रडली. मी हातरुमाल द्यायला गेलो, तर तोच भिजलेला होता. मग तसाच धावत स्वयंपाकघरात गेलो. “वहिनी! सुटला! पाच महिने कोणी हात लावला नाही, तरी पोरीच्या हातानं सुटला! वश्यानं वरून काहीतरी केलं बघा, चमत्कार आहे हा!”

वहिनी चहा गाळत होत्या. कप माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, “सकाळचं तेल मी घालत होते. साखर खाली बसलीय, ढवळून घ्या.”