कमीजास्त

“उद्या काय कमीजास्त झालं तर?” एवढं विचारायचे आणि गप्प बसायचे. समोरच्याने चहा संपवून बशी खाली ठेवेपर्यंत पुढचा शब्द नाही. मी लातूरला विम्याच्या ऑफिसात कारकून होतो आणि ते आमचे सगळ्यात जुने एजंट. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्यांचा सगळा धंदाच मरणाचा, पण तो शब्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकला नाही.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. फॉर्मवर अजून जिल्हा उस्मानाबादच छापलेलं असायचं. आप्पा ते खोडून वर ‘लातूर’ लिहायचे, खुशीत असले तर खाली रेघही मारायचे. पाऊस मात्र दोन वर्षं फिरकला नव्हता. नळाला पाणी आलं की नव्याने बदलून आलेले साहेबही बादली घेऊन रांगेत उभे राहायचे, आणि आप्पा त्यांना तिथेच गाठायचे. रांग सोडून पळणार कुठे?

त्याच उन्हाळ्यात औशाकडची एक बाई ऑफिसात आली. “आप्पा, घरी लई कमीजास्त झालंय,” म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. आप्पांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, मला दाव्याचा फॉर्म काढायला लावला. मी नाव लिहीत होतो, तेवढ्यात तिचा नवरा दारातून डोकावला. “अगं, झालं का न्हाई? एसटी सुटायली.” कमी झालं होतं ते विहिरीचं पाणी. आप्पांनी त्याचाच विमा उतरवलाय, असं बाईने धरून ठेवलं होतं. आम्ही आठ दिवस हसत होतो.

“आप्पा, आता तरी सरळ बोला की,” मी म्हणालो.

“न्हाई जमत, बाबा. एकदा सांगायलाच पाहिजे होतं, तवा बी जमलं न्हाई.”

त्यांची एकुलती एक मुलगी बाळंतपणात गेली, तेव्हा नात तीन वर्षांची होती. आई कुठे गेली, हे त्या पोरीला सांगायला आप्पांना शब्द सापडला नाही. बायको आधीच गेलेली. नातीची वेणीफणी, ताप, खोकला सगळं तेच बघायचे. पुढे जावयाने दुसरं लग्न केलं आणि नातीला मुदखेडला नेलं. तो तिथे रेल्वेत होता.

मग आप्पांना मुदखेडला ‘पार्टी’ सापडायला लागली. दर शनिवारी नांदेडची एसटी, तिथून मुदखेड. “मोठी पार्टी हाय,” सांगायचे. मुदखेडचा एकही फॉर्म आमच्या कपाटात कधी आला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

एका सोमवारी आले आणि बॅग हातात घेऊन उभेच राहिले. “जावई म्हणले, मामा, तुमी येऊन गेलात की ती चार दिवस जेवत न्हाई. नव्या आईला जवळ येऊ देत न्हाई.” बॅग खाली ठेवत म्हणाले, “खरं हाय त्यांचं. पोरीला घर पाहिजे.”

त्यानंतर ते मुदखेडला गेले नाहीत. शनिवारी काम नसताना ऑफिसात बसून राहायचे. मी कुलूप हातात घेतलं की उठायचे. त्यांच्याइतका एकटा माणूस मी पाहिलेला नाही, आणि मी तर रोज त्यांच्या शेजारच्या टेबलाशी बसत होतो. याचं मला अजून वाईट वाटतं.

सहा वर्षांनी आप्पा वारले. तार पोचली की नाही कळेना, म्हणून माती झाल्यावर मी स्वतः मुदखेडला गेलो. रेल्वेच्या क्वार्टरच्या दारात बारा वर्षांची मुलगी गहू निवडत बसली होती. मी तिला सांगितलं. ती सुपाकडे बघत म्हणाली, “मग इतके दिवस आले का न्हाईत?”

आतून तिची नवी आई पदराला हात पुसत आली. “आमीच येऊ नका म्हणलं होतं, बाई,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी त्यांनी ऐकलं.”

मुलगी मला सोडायला स्टेशनपर्यंत आली. गाडी लांबून दिसली तेव्हा तिने विचारलं, “काका, आजोबा लई मोठ्यानं हसायचे ना? मला तेवढंच आठवतंय.”

“हो, हसायचे,” मी म्हणालो. ऑफिसातल्या इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना एकदाही ऐकलं नव्हतं.