मुक्याची बहीण

आमच्या लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्याला सगळे मुक्या म्हणतात. बोलता येतं त्याला, तक्रार तेवढी करता येत नाही. वाफेने मनगट भाजलं तरी हूं नाही की चूं नाही. मी काउंटर सांभाळते. मला त्याचा संताप यायचा. "अरे, मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही," मी सुनवायचे. तो नुसता हसायचा.

दत्तक गेलेला तो. एकदाच म्हणाला होता, "ताई, एका घराला नकोसा झालो. दुसऱ्या घराला होऊ नये, म्हणून जपून राहिलो."

परवा त्याची जुळी बहीण पत्ता शोधत दुकानात आली. चाळिशी उलटल्यावर दोघांची ही पहिली भेट. दारातच हंबरडा फोडून ती त्याच्या गळ्यात पडली. ती जरा शांत झाल्यावर त्याने विचारलं, "मलाच का दिलं?"

"आईला दोघं झेपत नव्हती रे. न्यायला आलेल्यांना शांत बाळ हवं होतं. मी रडून घर डोक्यावर घ्यायचे. तू गुणी! भुकेला असलास तरी गप्प पडून राहायचास. म्हणून तुला दिलं."

मी मनात म्हटलं, आता तरी ओरड, मेल्या. आपट ती इस्त्री.

त्याने तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. जाताना पुन्हा ती मोठमोठ्याने रडली. तिला दारापर्यंत पोचवून तो माझ्या काउंटरपाशी आला.

"माफ करा हं ताई," तो हळूच म्हणाला, "दुकानात फार आवाज झाला."